हात लहान आहेत? मग लो व्हिसल घेताना आधी लो जी बघा, लो डी नंतर

ज्यांना लो व्हिसलचा (टोकातून फुंकायची सहा भोकांची मोठी आयरिश बासरी) तो खालचा, घुमणारा आवाज आवडतो पण हात लहान आहेत अशा लोकांसाठी हे लिहितेय. कुठेही विचारलं कि उत्तर ठरलेलं असतं, लो डी घे, होते सवय, आणि सांगणाऱ्याची वीत आपल्यापेक्षा चांगली दोन बोटं मोठी असते. मी डब्लिनला सेशन्समधे (लोक जमून आयरिश पारंपरिक संगीत वाजवतात त्या बैठका) वाजवते, हात लहान आहेत, लो जी, लो डी आणि बी-फ्लॅट तिन्ही वाजवल्यात आणि माझं मत पक्कं आहे: कंपनी कुठली हा प्रश्न नंतरचा, आधी पट्टी ठरवा (जी, डी, बी-फ्लॅट ही नावं पट्टीचीच), कारण भोकांमधलं अंतर पट्टीवरच ठरतं.

आपण सगळे ज्यावर शिकतो ती हाय डी (लहान टिन व्हिसल) साधारण ३० सेंमीची असते. लो डी बरोबर एक सप्तक खाली, म्हणून लांबी जवळपास दुप्पट, ६० सेंमीच्या आसपास, आणि नळी दुप्पट झाली कि भोकांमधली अंतरं पण दुप्पट, बोटं मात्र तीच. लो जी म्हणजे लो डीच्या पाऊणपट, लो ए दोन तृतीयांश. म्हणजे लो डीवर जिथे ४ सेंमी ताणायचं तिथे लो जीवर ३ च, आणि हा एक सेंमी कागदावर किरकोळ वाटतो पण अनामिकेला विचारा. खरा त्रास खालच्या हाताचा असतो, पाचव्या आणि सहाव्या भोकाच्या मधे, तिथे पूर्ण स्वराचं अंतर आहे आणि नेमकं आपलं सगळ्यात कमी ताकदीचं बोट तिकडे पोचवायचं असतं. सहावं भोक केसभर जरी उघडं राहिलं तरी सगळ्यात खालचा सूर लागतच नाही किंवा किंचाळून वरच्या सप्तकात उडतो.

बासरीवाल्यांसाठी हिशोब सोपा आहे. आपण सा तीन भोकं बंद करून धरतो, आयरिश लोक सहाही बंद करून मूळ सूर धरतात. त्यामुळे लो डी म्हणजे पांढरी पाचची बासरी, लो जी म्हणजे पांढरी एक, लो ए म्हणजे पांढरी दोन. पांढरी पाच तुम्ही आरामात वाजवत असाल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, लो डी घेऊन टाका, आणि पांढरी तीन वाजवणाऱ्यांना तर ती लहानच वाटेल. तसंही या वाद्याचं आपल्याशी नातं आहेच: आयरिश वादक फिनबार फ्युरीकडे एक भारतीय बांबूची बासरी होती, ती दौऱ्यात मोडली, वाद्यं बनवणाऱ्या बर्नार्ड ओव्हर्टनला ती दुरुस्त करता येईना म्हणून त्याने धातूची करून दिली, साल १९७१, आणि आजची लो व्हिसल तिथून सुरू झाली. मला ही गोष्ट फार आवडते.

आता प्रत्यक्ष वाद्यं.

लो जीमधे मी सुसाटो घेतली, अमेरिकन कंपनी आहे, एबीएस प्लास्टिक. आवाज मोठा आणि स्वच्छ, थोडा रेकॉर्डर नावाच्या बासरीकडे झुकणारा, काहींना तो गुळगुळीत वाटतो, मला सुरात चोख वाद्य हवं होतं आणि ते ही आहे. थंडीत अल्युमिनियम बर्फासारखं गार पडतं आणि फुंकेची वाफ आत जमून मधेच आवाज बसतो, प्लास्टिकवर हे मला कमी जाणवलं. (कुठल्याही व्हिसलला हा त्रास असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात घालून फुंकेच्या फटीतून जाऊ द्या आणि तशीच वाळवा, पाण्याचे थेंब धरून राहत नाहीत.) लो डीपेक्षा श्वास पण कमी लागतो, लांब वाक्य एका दमात निघतं, याचा फायदा अंतराइतकाच मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लहान हाताला लो जी बोटं सपाट ठेवून जमते. माझ्याकडून हिला पूर्ण मार्क.

लो डीमधे ग्लासगोच्या एमके कंपनीची केल्पी. आवाज काय सांगू, खालचा डी लागला कि छातीत जाणवतो, त्या आवाजासाठीच लोक हे वाद्य घेतात आणि ते बरोबरच आहे. पण ती लो डी आहे, म्हणजे लहान हाताला पायपर्स ग्रिपशिवाय पर्याय नाही: भोकं बोटांच्या टोकांनी न झाकता तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेराने झाकायची, अनामिका आखूड म्हणून तिचं पहिलं पेर, आणि बोटं सरळ, वाकवायची नाहीत. इलियन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) वाजवणारे असंच धरतात, मोठ्या बासरीवर आपल्याकडेही असंच धरतात. काही जण सहाव्या भोकावर करंगळी वापरतात, तेही चालतं. ही पकड शिकण्यासारखी आहे, पण मनगट दुखायला लागलं तर थांबा, जोर लावून हात लांब होत नाही.

बी-फ्लॅटमधे जनरेशन, पितळेची, वर प्लास्टिकचं तोंड, एकदम स्वस्त. हाय डीच्या जवळपास सव्वापट लांबी, कुठल्याही हाताला जमते. आवाज लो व्हिसलचा नाही, मधलाच, गोड आहे. खाली जायचंय का हेच अजून ठरत नसेल किंवा मुलांसाठी हवी असेल तर इथून सुरू करा.

सेशनमधे वाजवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. तिथे जास्त सूरावटी डी आणि जी मधे असतात. लो जीवर जी आणि सी सहज निघतात, डी मधलं वाजवायचं तर एक सूर अर्धं भोक उघडून काढावा लागतो आणि ते वेगात नको होतं. लो एवर ए आणि डी दोन्ही सहज, म्हणून जिला लोकांबरोबर बसून डी मधल्या सूरावटी वाजवायच्यात तिने लो जी सोडून लो ए घ्यावी, घरी एकटीने संथ चाली वाजवणारीने लो जी. लो एफ मधे अडकलेली आहे, अंतर लो डीच्या खूप जवळ आणि सेशनमधे उपयोग कमी, मी तरी सुचवणार नाही.

"स्मॉल हँड फ्रेंडली" असं लिहिलेल्या लो डी पण मिळतात. त्यात काय केलेलं असतं ते समजून घ्या. भोक तोंडाच्या दिशेने वर सरकवलं कि सूर चढतो, तो परत उतरवायला भोक लहान करावं लागतं, आणि भोक लहान झालं कि तो सूर दबतो. म्हणजे सहावं भोक फार जवळ आणलं असेल तर ई (ते भोक उघडल्यावर लागणारा सूर) अशक्त लागणार, तो सूर मुद्दाम लांब धरून ऐका. दुसरा उपाय म्हणजे खालचा भाग वेगळा, फिरवता येणारा, त्याने सहावं भोक बोटाकडे तिरकं घेता येतं, आवाजाचं काही बिघडत नाही, मला हा उपाय जास्त पटतो. तिसरा, खाली निमुळती होत जाणारी नळी, आयरिश फ्लूटसारखी, तिच्यात भोकं मुळातच जवळ येतात.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याला थेट विचारा, चौथ्या-पाचव्या आणि पाचव्या-सहाव्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत किती मिलिमीटर, आणि नळी बाहेरून किती जाड. चांगले बनवणारे लगेच सांगतात. मग हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच जाडीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आणा, मार्करने सहा गोल काढा आणि टीव्ही बघताना दहा मिनिटं तशी बोटं ठेवून बसा. हात अवघडला तर ती पट्टी आत्ता तुमची नाही. आयर्लंडला येणं होणार असेल तर एनिसला कस्टीजमधे जाऊन हातात धरून बघा, दुकान पारंपरिक संगीताचं आहे. भारतात मागवताना कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, आणि पहिली व्हिसल सेकंडहँड मिळाली तर बिनधास्त घ्या, फक्त तोंडाशी जिथे फुंक आपटते ती कड खरचटलेली नाही ना तेवढं बघून.