मार्कीज का राऊंड? हिऱ्याच्या कानातल्यांचा घोळ
पोरीच्या साखरपुड्यासाठी सांगलीत सराफ कट्ट्यावर दोन दुकानं पालथी घातली, वहिनींना मार्कीज हवं, मला राऊंड. मार्कीज म्हणजे होडीसारखा, दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळं तेवढ्याच कॅरेटचा (म्हणजे वजनाचा) असून राऊंडपेक्षा मोठा दिसतो हे खरंय. पण मधे काळपट बो-टायसारखी सावली पडते, दुकानातल्या लाईटखाली ती लपते, दारात येऊन उजेडात हलवून बघा, आणि दोन्ही शेजारी ठेवून लांबी-रुंदी जुळतीय का ते पण, नाहीतर एक कान जाड एक बारीक! राऊंडला ही कटकटच नाही, चमक जास्त, फक्त त्याच कॅरेटला सहसा महाग पडतो.

मार्कीजचं खरं दुखणं टोकं. हिरा कितीही कडक असू दे, टोकावर आपटला तर कपची उडू शकते, म्हणून टोकांना व्ही आकाराचे काटे (हिरा धरून ठेवणारे) असलेलंच घ्या. वहिनींच्या जुन्या जोडीत साधे काटे होते, ओढणीचा धागा अडकून एक वाकलाच.

धुणं दोन्हीचं सेम, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, पण वाटीत हां, बेसिनवर नको. हळदीच्या दिवशी तर काढूनच ठेवा, काट्याखाली तेल-हळद बसली की हिरा पिवळट दिसतो.

घेतलं शेवटी मार्कीजच, स्क्रूची फिरकी लावून.