१९३१ ची फोर्ड मॉडेल ए : सात महिन्यांच्या वापरानंतर

१९३१ साली तयार झालेली फोर्ड मॉडेल ए, ट्यूडर म्हणजे दोन दारांची बंद मोटार, मी एप्रिलपासून अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये चालवीत होतो. नोव्हेंबरात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पडू लागल्यावर ती झाकून ठेवली, तोवर सुमारे २,००० किलोमीटर झाले होते. शोभेसाठी नव्हे, तर बाजारहाट, वाचनालय आणि रविवारची फेरी अशा कामांसाठी ती वापरली. त्यामुळे मंदीच्या दिवसांत जपून पैसे खर्च करणाऱ्याला तिच्यातले काय उपयोगी पडले असेल, याच कसोटीवर हे लिहीत आहे.

त्या काळी ट्यूडरची किंमत ५०० डॉलरच्या आसपास होती. शेअर बाजार कोसळल्यानंतर, १९२९ च्या अखेरीस, हेन्री फोर्ड यांनी किमती उतरवल्या आणि किमान रोजंदारी ७ डॉलर केली. म्हणजे गाडी साधारण सत्तर दिवसांच्या मजुरीत बसत होती. अर्थात हा हिशेब ज्याचे काम टिकले त्याचा. १९२९ मध्ये अमेरिकेत ५० लाखांहून अधिक मोटारी व ट्रक तयार झाले, १९३२ मध्ये ते जेमतेम १३ लाखांवर आले, आणि गाड्या जोडणारे हजारो हात रिकामे झाले.

गाडी सुरू करण्याला क्रम आहे. डॅशबोर्डखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा, स्टिअरिंगच्या डावीकडची, इंजिनात ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारी स्पार्कची दांडी पूर्ण वर आणि उजवीकडची थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी, दांडी किंचित खाली करायची, चावी फिरवायची, थंड इंजिनासाठी हवा कमी करणारा चोक ओढायचा आणि जमिनीवरचे स्टार्टरचे बटण पायाने दाबायचे. इंजिन धरले की स्पार्कची दांडी खाली आणायची. पहिला आठवडा मी याला वैतागलो होतो. आता हात आपोआप चालतात.

पेट्रोलची टाकी थेट काचेच्या पुढे, आपल्या गुडघ्यांच्या वर आहे. पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे ते हवेत मिसळणाऱ्या भागात, उतरते, त्यामुळे पंपच नाही, आणि जो भाग नाही तो बिघडत नाही. पेट्रोलचा काटाही टाकीतल्या तरंगत्या बोंडाला जोडलेला, विजेशिवाय चालणारा आहे. मात्र एकदा मी रात्री कॉक बंद करायला विसरलो आणि सकाळी कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचे थारोळे होते. चूक सर्वस्वी माझी.

३.३ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन ४० अश्वशक्तीचे आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, अवघे ४.२२ ला १ असल्याने सर्वांत स्वस्त पेट्रोलही चालते. मला लिटरला ७ ते ८ किलोमीटर मिळाले. ताशी ७० किलोमीटरपर्यंत ती समाधानाने धावते, त्यापुढे आवाज आणि थरथर वाढत असल्याने फ्रीवे मी टाळतो. गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा नाही, म्हणून डबल क्लच करावा लागतो, म्हणजे एकेका गिअरबदलाला क्लच दोनदा दाबावा लागतो. लहानपणी एसटीच्या पुढच्या बाकावरून चालकांचे पाय न्याहाळले होते, ते इथे कामी आले.

खरा दोष ब्रेकचा. चारही चाकांना ब्रेक आहेत, पण ते सळयांनी ओढले जाणारे, यांत्रिक आहेत. चारही सारखे लागावेत म्हणून बारकाईने जुळवावे लागतात आणि तरीही पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर राखावे लागते. प्लिमथने १९२८ पासूनच हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले होते, शेव्हरोलेने १९२९ मध्ये सहा सिलिंडरचे इंजिन आणले होते. १९३१ चा ग्राहक दुकानांत फिरून तुलना करणारा असेल, तर त्याला फोर्ड जुनाट वाटली असणार. उलट, फुटल्यावर तुकडे न उडणारी पुढची काच मॉडेल ए मध्ये सरसकट मिळे, ही गोष्ट तिच्या किमतीच्या मानाने मोठी होती.

दर ८०० किलोमीटरला ऑइल बदलणे आणि जागोजागी ग्रीस भरणे, हे काम मला शनिवारची अर्धी सकाळ पुरते. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधले अंतर, कार्ब्युरेटरची सफाई, ब्रेकची जुळवणी हे सारे चार-पाच पाने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर होते. ज्याच्याकडे वेळ होता पण मेकॅनिकला द्यायला पैसे नव्हते, अशा माणसाला माझ्या मते गाडीचा हाच गुण सर्वांत मोलाचा होता. १९३२ मध्ये फोर्डने आणलेल्या आठ सिलिंडरच्या, ६५ अश्वशक्तीच्या गाडीपेक्षाही अधिक.

सध्या बॅटरी काढून घरात ठेवली आहे. कॉक बंद असल्याची खात्री मी दोनदा केली आहे.