डॉमिनार २५० घ्यावी का ४००? दोन्ही चालवून झाल्यावरचं मत

बजाजच्या डॉमिनार बाईकचं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला असतो, अडीचशे घेऊ का चारशे. माझ्याकडे ४०० आहे आणि मेहुण्याकडे २५०, तो कोल्हापूरला राहतो मी पुण्यात, आणि एकमेकांची गाडी मागायला आम्ही दोघंही लाजत नाही, त्यामुळे दोन्ही गाड्या शहरात, हायवेला, घाटात, पावसात अशा सगळ्या चालवून झाल्यात. आधीच सांगून टाकतो, मला स्वतःला ४०० च आवडते, पण आज कोणी नवीन घ्यायला निघाला तर बहुतेकांना मी २५० घ्या म्हणतो.

लांबून बघितलं तर सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा फरक कळणार नाही. टाकी दोघींची १३ लिटर, सहा गिअर, स्लिपर क्लच (गिअर पटकन खाली टाकला तरी मागचं चाक अडकू न देणारा), लिक्विड कूलिंग, पुढे यूएसडी फोर्क (उलटे बसवलेले शॉकअप), सीटची उंची ८०० मिमी, सगळं सारखं. फरक इंजिनात. ४०० ला ३७३.३ सीसी, ताकद ४० पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा) आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ३५ न्यूटन मीटर, २५० ला २४८.८ सीसी, २७ पीएस आणि २३.५ न्यूटन मीटर. आता वजन बघा, ४०० आहे १९३ किलो आणि २५० आहे १८० किलो. म्हणजे छोटं इंजिन घेतलं म्हणून गाडी हलकी झाली म्हणावं तर तसं काही नाही, तेरा किलो फक्त कमी झाले आणि टॉर्क मात्र एक तृतीयांश गेला. बाकी सगळे फरक इथूनच सुरू होतात. (२०१७ च्या आसपास ४०० च्या जाहिरातीत बुलेटवाल्यांना टोमणा होता, 'हाथी मत पालो', आणि ही स्वतः तेव्हाच १८२ किलोची होती, तेव्हा हत्ती कोण ते ज्याचं त्याने ठरवावं.)

शहरात २५० सरळ सरळ जिंकते, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. कारण पिस्टनमध्ये आहे. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, जवळपास सारखा, ६० ला ६१.१ मिमी, पण बोअर, म्हणजे पिस्टन बसतो त्या नळकांड्याची रुंदी, ४०० ला ८९ मिमी आणि २५० ला ७२. म्हणजे ४०० चे जास्तीचे सीसी जवळजवळ सगळे जाड्या पिस्टनमधून आलेत, आणि एकच मोठा पिस्टन असल्यावर गाडी हळू असताना प्रत्येक ठोका जाणवतो. नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तिसऱ्या गिअरवर तीसच्या स्पीडने जायचं म्हटलं की ४०० धक्के मारायला लागते, मग क्लच धर, गिअर खाली टाक, परत वर टाक, घरी येईपर्यंत डावं मनगट बोलायला लागतं. २५० त्याच जागी गुमान चालते. मागचा टायर १३० मिमी रुंदीचा असल्यामुळे वळतेपण पटकन, ४०० चा १५० चा टायर दिसायला भारी पण गल्लीत यू टर्न मारताना गाडी ओढून घ्यावी लागते. पार्किंगमध्ये मागे ढकलताना ते तेरा किलो पण बरोबर कळतात, विशेषतः बेसमेंटच्या उतारावर.

ॲव्हरेजचं म्हणाल तर माझी २७-२८ देते, मेहुण्याची ३३-३४, दोघंही काही फार सांभाळून चालवणारे नाहीत. १३ लिटरच्या टाकीत हा फरक चांगलाच कळतो, पुणे ते कोल्हापूर जाऊन वर दोन दिवस गावात फिरलं तरी तो पंप शोधत नाही, मला शोधावा लागतो.

आता हायवे. इथे लोक टॉप स्पीडवर भांडतात, आणि मला त्याचं खरंच हसू येतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बाईकला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी, आणि जिथे परवानगी आहे त्या चौपदरी हायवेला बाईकची मर्यादा ८०. कंपनी २५० चा टॉप स्पीड १३२ सांगते, तो तुम्ही गाठणार कुठे? एकट्याने, बॅग पाठीला, ८०-९० ने सातारा रोडला जायचं असेल तर २५० ला काहीच कमी नाही, उलट आवाज कमी, हँडलला थरथर कमी. फरक पडतो ट्रकला ओव्हरटेक करताना. ४०० सहाव्या गिअरलाच कान पिळला की पुढे, २५० ला एक गिअर खाली टाकायचा, इंजिन वर न्यायचं आणि मग निघायचं, कारण तिची सगळी ताकद साडेसहा-सात हजार आरपीएमच्या वरच बसलेली आहे. सवय झाली की याचंही काही वाटत नाही.

पण डबलसीट आणि सामान असेल, आणि समोर घाट असेल, तर गोष्ट वेगळी. खंबाटकीला पुण्याहून जुन्या रस्त्याने जाताना घाट चढावा लागतो (येताना बोगदा आहे, सोपं), आणि तिथे बायको मागे, दोन्ही बाजूला सॅडल बॅगा, वर कोणीतरी न्यायला सांगितलेलं असतंच काहीतरी, अशा ओझ्याने २५० चालवली की ती चढते, थांबत नाही, पण सारखी गिअरमध्ये खेळायला लावते, एसटीच्या मागे अडकलात तर दुसऱ्या गिअरवरून परत वेग पकडेपर्यंत समोरून वळण येतं आणि ओव्हरटेक हुकतो. आंबा घाटातही तेच. ४०० ला तिसरा गिअर टाकून ठेवा आणि घाट विसरा. बायको स्वतः म्हणाली, "तुझ्या गाडीवर मी झोपते, दादाच्या गाडीवर हेल्मेटला हेल्मेट आपटत राहतं." यात इंजिनापेक्षा गिअर बदलताना बसणारे झटके जास्त आहेत, पण मागच्या माणसाला कारणाशी काय करायचंय. शिवाय २०२१ पासून ४०० ला उंच काच, हँडगार्ड, इंजिनाला खालून वाचवणारा बॅश गार्ड, मागचा कॅरियर, यूएसबी चार्जर हे कंपनीकडूनच बसून येतं. ब्रेकही ४०० ला पुढे ३२० मिमीची डिस्क आहे, २५० ला ३०० ची, उतारावर भरलेली गाडी थांबवताना हे महत्त्वाचं.

आता पैसे, ज्यामुळे माझं मत फिरलं. आधी दोन्हींवर जीएसटी २८ टक्के, आणि ३५० सीसीच्या वर ३ टक्के सेस, म्हणजे फार फरक नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्याच्या वर थेट ४०. समजा दोन गाड्यांची टॅक्सशिवाय किंमत सारखीच दीड लाख धरली, तरी एकीवर २७ हजार आणि दुसरीवर ६० हजार टॅक्स बसतो, म्हणजे तेहतीस हजार नुसते सीसीचे. इन्शुरन्सची रेषाही नेमकी तिथेच, नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो आणि २०२२ च्या दरपत्रकात तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि त्याच्या वर १५,११७ रुपये आहे, जीएसटी वेगळा. आरटीओ टॅक्स किमतीच्या टक्क्यात, म्हणजे तोही वाढतो. आणि डॉमिनार ४०० ही रेषा फक्त २३ सीसीने ओलांडते! बिचारीचं इंजिन २०१६ ला ठरलं तेव्हा असली टॅक्सची रेषा कोणाच्या डोक्यातही नसणार. पुढे टायर बदलायला जाल तेव्हा १५० चा मागचा टायर १३० पेक्षा महाग पडतो, ते वेगळंच.

तर रोजचं ऑफिस, शनिवार-रविवार एकट्याने लोणावळा-ताम्हिणी, वर्षातून एखादी लांबची ट्रिप, असं असेल तर २५० घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगलं हेल्मेट, रायडिंग जॅकेट आणि बॅगा घ्या. मागे कायम कोणी बसणार असेल, गोवा-हंपी-स्पिती असली स्वप्नं खरोखर पूर्ण करायची असतील, तरच ४०० ला जादा पैसे द्यावेत. टेस्ट राइडला मात्र एकटे जाऊ नका, जो किंवा जी मागे बसणार तिला घेऊन जा, आणि शोरूमच्या मागच्या सपाट रस्त्याऐवजी जवळपास एखादा चढ असेल तिथे न्या, एक्झिक्युटिव्ह कुरकुर करेल, करू दे.

सेकंडहँड बघत असाल तर ४०० पुन्हा परवडायला लागते, कारण जुन्या गाडीवर हा नवा टॅक्स बसत नाही. फक्त २०१७-१८ चं मॉडेल घेताना लक्ष ठेवा, ते ३५ पीएसचं आहे आणि पुढे साधे फोर्क आहेत, ४० पीएस आणि यूएसडी फोर्क २०१९ पासून आले. ओळखायचं सोपं आहे, सायलेन्सरला दोन तोंडं असतील तर नवीन इंजिन. मालक काहीही सांगू दे, सायलेन्सर बघा आणि आरसीवर उत्पादनाचा महिना बघा.