न्योर्डलिंगेनचं रीस क्रेटर म्युझियम: आधी हे, मग टॉवर

लोणारच्या काठावर उभं राहिलं की खड्डा समोरच असतो, कोणाला विचारावं लागत नाही. जर्मनीतल्या रीस खड्ड्याचं तसं नाही. आलेनहून रेल्वे न्योर्डलिंगेनकडे निघाली, सपाट शेतं सुरू झाली, आणि सासरे विचारायला लागले, "अगं, पण खड्डा कुठंय?" मेहकरला भूगोल शिकवून रिटायर झालेला माणूस! आपण खड्ड्याच्या आतच आहोत हे त्यांना पटेना. लोणार जेमतेम पावणेदोन किलोमीटरचं, हा पंचवीसेक किलोमीटरचा. डोळ्यात मावणार कसा?

म्हणून टॉवर नंतर, म्युझियम आधी. एका जुन्या कोठारात थाटलंय आणि गोष्ट क्रमानं सांगतात. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला, खड्ड्यात तळं साचलं, गाळानं ते भरत गेलं. आजची सुपीक जमीन म्हणजे त्या तळ्याचा तळ. तरी १९६० पर्यंत बरेच जण याला ज्वालामुखीच समजत होते. मग शूमेकर आणि चाओ या भूशास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट हे खनिज सापडलं. प्रचंड दाबाशिवाय ते तयार होत नाही आणि तेवढा दाब ज्वालामुखीत नसतो, त्यामुळे वाद मिटला. १९७० मध्ये अपोलोचे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकले. त्याची आठवण म्हणून अपोलो १६ नं आणलेला चंद्राचा तुकडा इथे काचेत ठेवलाय. गर्दी त्याच्यापुढे असते, पण सासरे अडकले सुएव्हाइटपाशी: राखाडी दगड, त्यात वितळून गोठलेल्या काचेचे काळपट ठिपके. "आपला बेसॉल्ट असा नसतो," एवढं तीनदा म्हणाले.

आणि गावातलं सेंट जॉर्ज चर्च याच सुएव्हाइटचं! त्याचा टॉवर, डॅनिएल, ९० मीटर उंच, ३५० पायऱ्या. गुडघे धड असतील तरच चढा. वरून गावाचा गोल तट दिसतो आणि लांबवर चहूबाजूंनी डोंगरांची कड. तेव्हा कुठे सासऱ्यांनी मान डोलावली. दक्षिणेच्या टेकड्यांवर तीस वर्षांच्या युद्धातली १६३४ ची लढाई झाली, स्वीडिश फौज इथेच हरली.

जिल्ह्याचा इतिहास मात्र आपल्यासारखाच मानापमानाचा. १९७२ ला न्योर्डलिंगेन आणि डोनाउव्योर्ट हे जिल्हे एकत्र करून आजचा डोनाउ-रीस जिल्हा केला, मुख्यालय गेलं डोनाउव्योर्टला. आता गाड्यांच्या पाट्यांवर दोन्हीकडची अक्षरं चालतात. बुलढाण्याचं एमएच २८ जपणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

जेवणाचं विचारू नका. एका हॉटेलात 'शाकाहारी' म्हणून आलेल्या सूपात हॅमचे तुकडे निघाले. सासऱ्यांनी ब्रेडवर भागवलं. डबा न्या.

म्युझियम सोमवारी बंद असतं. मुक्काम करणार असाल तर रात्री दहानंतर चर्चजवळ थांबा, टॉवरवरचा पहारेकरी अजूनही दर अर्ध्या तासानं हाळी देतो. माझ्याकडून पाचपैकी पाच. सासऱ्यांनी साडेचार दिले, अर्धा लोणारसाठी राखून.