बेळगावात फुकट वकिली करायचीय? वर्षभर करून बघितली, त्याचा रिव्ह्यू

स्टार आधीच सांगून टाकते, पाचात साडेतीन. कामाला पाच आणि ते काम आपल्यापर्यंत पोचायची जी काय पद्धत आहे तिला दोन, सरासरी तुम्हीच काढा.

हा रिव्ह्यू पक्षकाराचा नाही, वकिलाचा आहे. तीस वर्षं कोर्टात काढली, सगळं दिवाणी, वाटण्या, गहाण, हक्कसोड, हेच. साठी आली, पोरगी पुण्याला, ऑफिस ज्युनिअरवर सोडलं आणि म्हटलं आता फी न घेता काहीतरी करूया. बाररूममध्ये बोलले तर सगळे हसले, म्हणाले मॅडम अर्धे पक्षकार तसेही फी देत नाहीत, तुम्ही आता नवीन काय करणार.

मला वाटायचं लीगल एड, म्हणजे गरजूंना सरकारतर्फे फुकट वकील, याला एकच दार. कोर्टाच्या आवारातलं ते ऑफिस, पाटीवर कानडीत कानूनु सेवा प्राधिकार, आत अर्ज द्यायचा आणि पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या वकिलांच्या यादीवर, नाव लागायची वाट बघायची. पण चार-पाच दारं आहेत आणि कुठल्या दारात आपला उपयोग आहे हे कोणी सांगत नाही, ते आपणच फिरून बघायचं.

पॅनेलला साधारण तीन वर्षांची प्रॅक्टिस असली की चालतं, म्हणजे तिथं मी आणि काल सनद घेतलेल्यापेक्षा जरा मोठा पोरगा एकाच यादीत. आरोपींच्या बचावासाठी डिफेन्स कौन्सेल म्हणून २०२२ पासून नवीन स्कीम आहे, चीफला फौजदारीची दहा वर्षं लागतात, पण ती पूर्णवेळ पगाराची नोकरी आहे, खाजगी प्रॅक्टिस बंद, त्यामुळे माझ्या कामाची नाही. केंद्राच्या कायदा खात्याचं न्याय बंधू आहे, २०१७ पासून, मोबाईलवर नाव नोंदवायचं, आपला विषय सांगायचा आणि गरजूशी जोडून देतात. बेंगळुरू-पुण्याच्या वकिलांना ते बरं पडत असेल, मला मात्र माणूस समोर लागतो आणि कागद हातात लागतो.

कागदावरून आठवलं, तेच सांगायचंय खरं.

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, नाव नको, आठवड्यातून एक दिवस टेबल टाकून बसायचं काम मिळालं. सल्ला द्यायचा, अर्ज लिहून द्यायचे, केस लागली तर पॅनेलच्या वकिलाकडे सोपवायची. जायला शक्तीची, म्हणजे कर्नाटक सरकारची बायकांना फुकट असलेली बस, आधार दाखवला की झिरो तिकीट, फुकटची वकील फुकटच्या बसनं. पहिले तीन आठवडे टेबलावर मी आणि माझा डबा. लोक दारातून बघून जायचे. फुकटचा वकील म्हणजे हरणारा वकील हे आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही मला म्हणवत नाही.

चौथ्या आठवड्यात एक आजी आल्या, सत्तरीच्या, खानापूर भागातल्या, हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत सगळा संसार, रेशनकार्ड, उतारे, भावाच्या मयताचा दाखला. खिडकीतल्या क्लार्कनं आधी इन्कम सर्टिफिकेट आणा म्हणून परत पाठवलेलं. आता लीगल एडच्या १९८७ च्या कायद्याचं बारावं कलम उघडून बघितलं तर बाई माणसाला, लहान मुलांना, एससी-एसटीला, तुरुंगात असलेल्याला उत्पन्नाची अटच नाही, पण खिडकीला कलम कोण सांगणार. मी उठून सांगितलं. क्लार्क म्हणाला, मॅडम सगळ्यांकडनं घेतो आम्ही. म्हटलं, सगळ्यांकडनं घेऊ नका.

आजी म्हणाल्या, "बाई, हे कागद कोण वाचतच नाही बघा. कानडी वकिलाला दाखवलं, मराठीला दाखवलं, सगळे म्हणतात खरेदी झाल्या, सोडून दे."

पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये घडी केलेला १९३८ सालचा स्टँप पेपर, घडीवर फाटलेला, मोडी लिपीतला. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो, म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलो ते १९५६ ला. पॅनेलवरचा पोरगा हुशार आहे, कानडी-इंग्लिश फर्डं, पण मोडी बघून म्हणाला, मॅडम ही कुठली भाषा. मला आजोबांमुळे येतं, फार नाही, अडखळत. भिंग नव्हतं, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचत बसले, पाऊण तास लागला. आणि तिसऱ्या ओळीत शब्द सापडला, कब्जेगहाण. खरेदी नव्हेच ती! जमीन ताब्यात द्यायची, पीक व्याजात खायचं, मुद्दल दिलं की जमीन परत, असा व्यवहार.

वकील नसलेल्यांसाठी सांगते, साध्या गहाणातून जमीन सोडवायला तीस वर्षांची मुदत असते, ती गेली की गेली. पण कब्जेगहाणाचं वेगळं, सुप्रीम कोर्टानं सिंग राम विरुद्ध शिव राम मध्ये २०१४ ला सांगितलंय की नुसती गहाणाच्या तारखेपासून तीस वर्षं झाली म्हणून मालकाचा हक्क बुडत नाही, पैसे फिटल्यावर मुदत चालू होते. म्हणजे आजींना अजून दार उघडं आहे. जिंकतील असं मी म्हणत नाही, मध्ये १९७४ ची कुळकायद्याची दुरुस्ती, दोन वारसा नोंदी, समोरच्यानं विहीर काढलेली, बरंच आहे. पण "सोडून दे" हे उत्तर नव्हतं. दावा लागलाय, चालवतोय पॅनेलचा पोरगा, मी मागे बसते.

पुढच्या वेळी आजी पायलीभर तांदूळ घेऊन आल्या. नियमात पक्षकाराकडून काहीही घ्यायचं नाही, सांगून दमले. शेवटी ते तांदूळ बाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेवून गेल्या, "ह्यो काय वकील नाही न्हवं."

बाकीची दारं पटकन.

हिंडलग्याच्या जेलात लीगल क्लिनिक असतं. फौजदारी येत नसेल तरी जा एकदा, कारण निम्मं काम कायद्याचं नसतंच, माझी तारीख कधी आहे, वकील कोण आहे, घरी कळवलं का, एवढंच विचारतात. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) ४७९ कलम आलंय, पहिल्याच गुन्ह्यातला कच्चा कैदी त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश एवढे दिवस आत काढून बसला असेल तर त्याला सोडायची तरतूद आहे, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून आणि एकापेक्षा जास्त केस नसतील तर. बोटं मोजून दिवस काढणाऱ्या माणसासमोर बसून त्याच्याबरोबर दिवस मोजायचे, हे काम मोठं आहे.

लोक अदालतीत मेंबर म्हणून बसवतात, नॅशनलवाली वर्षातून चार वेळा. तडजोड झाली की तो हुकूमनामाच, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते, पक्षकाराला सोन्यासारखं. पण मला त्या दिवशी आपण शिक्के मारायला बसलोय असं वाटतं, चेकची, बँकेची प्रकरणं आधीच ठरवून आणलेली असतात आणि संध्याकाळी सगळ्यांना आकडा हवा असतो. दोन स्टार.

मीडिएशन, म्हणजे मध्यस्थी, मात्र ज्याची तीस वर्षं भांडणं लावण्यात गेली त्यानं जरूर करावं, माझ्यासकट. चाळीस तासांचं ट्रेनिंग असतं आणि त्यात पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे गप्प बसा, ती आम्हाला सगळ्यात जड जाते. आपल्याकडे त्याची गरज जास्त, कारण सोयरीक हद्द बघून होत नाही. नवरा कागलचा, बायको निपाणीची, गाडीनं अर्धा तास, पण तिकडची केस इकडे आणायची तर राज्य बदलतं, म्हणजे ट्रान्सफरसाठी थेट दिल्ली, सुप्रीम कोर्ट! अर्ध्या तासाच्या रस्त्याला दिल्लीचा फेरा. (सीमाप्रश्नाचा दावा तिथंच २००४ पासून पडून आहे, त्याचं सोडा.) अशा जोडप्याला एका खोलीत बसवलं आणि दोघं मराठीतच भांडली की निम्मं काम तिथंच होतं. माझ्या हातून आत्तापर्यंत दोन जुळली, तीन नीट सुटली, एक जण पाणी प्यायला म्हणून गेला तो आलाच नाही.

आता पद्धतीला दोनच स्टार का. मी पहिला अर्ज दिला तेव्हा फॉर्मवर वय, सनद नंबर, किती वर्षं, बस. काय येतं हे कुठंच विचारलेलं नाही, मोडी वाचता येतं का, जुनं मुंबई इलाख्याचं रेकॉर्ड कळतं का, मराठीत समजावता येतं का, काही नाही. तीस वर्षांची वकील आणि तीन वर्षांचा पोरगा दोघांना तोच रकाना. मला सात महिने एकही काम आलं नाही आणि त्याच सात महिन्यांत आजी पिशवी घेऊन दारोदार फिरत होत्या.

म्हणून जे माझ्या वयाचे वकील विचार करतायत त्यांना सांगते, फॉर्म भराच, पण त्याच्यासोबत एक कोरा कागद जोडा आणि त्यावर आपल्याला नेमकं काय येतं ते लिहा, आणि तो टपालात न टाकता प्राधिकाराच्या सेक्रेटरींना, तिथं जज्जच असतात, हातात द्या. मी दुसऱ्यांदा तसं केलं, तिसऱ्या आठवड्यात फोन आला. वार कुठला ते आपण मागून घ्या, बाजाराचा दिवस मागा, त्या दिवशी खेड्यातली माणसं गावात असतात. आणि भिंग घरून न्या, तिथं नाही.