पीरूट: रूटशिवाय लिनक्स चालवणारं उत्तम टूल, पण बाइंडिंगचा गोंधळ समजून घ्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला क्लास असो की कॉलेजची लॅब, लिनक्स मशीन मिळतं, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड मिळत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपात मशीन नवं असतं, सॉफ्टवेअर मात्र जुन्या लिनक्सवरच चालतं. अशा ठिकाणी पीरूट बिनधास्त वापरावा. एका फोल्डरात ठेवलेलं दुसरं लिनक्स तो तुमच्या मशीनवर (म्हणजे होस्टवर) चालवतो. सीएचरूट (एखादं फोल्डरच मूळ फोल्डर म्हणून दाखवणं) आणि बाइंड माउंट (बाहेरचं फोल्डर आतल्या जागी दाखवणं, म्हणजेच बाइंडिंग) ही दोन्ही कामं तो कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हात न लावता करतो. पीट्रेसने (दुसऱ्या प्रोग्रॅमवर नजर ठेवायची लिनक्सची सोय) फाइलचा पाथ घेणारे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्या) अडवायचे आणि आतला पाथ बदलून पुढे सोडायचा, एवढंच त्याचं तंत्र. हजारो छोट्या फाइल्सचं कंपाइल त्यामुळे रेंगाळतं, हा खर्च धरूनच चाला.

खरी डोकेदुखी बाइंडिंगची. दोन होस्ट फोल्डर आतल्या एकाच जागी बांधले, तर दोन्ही पाथ सांगून फक्त शेवटचंच बाइंडिंग चालू असल्याची वॉर्निंग येते. ती दिसली नाही तर संदेश वाढवणाऱ्या 'व्ही' पर्यायाला 1 देऊन पुन्हा चालवा. कुठलं फोल्डर लागलंय हे बघायला 'माउंट' कमांड देऊ नका. कर्नलला या बाइंडिंगचा पत्ताच नसतो, त्यामुळे तिथे काही दिसत नाही. आत एक खुणेची फाइल बनवा आणि बाहेर दोन्ही फोल्डरांत शोधा. जिथे सापडेल ते चालू.

दोनदा टाइप न करताही हे का होतं? बहुतेक वेळा दोष कॅपिटल आर पर्यायाचा. तो रूटफाइलसिस्टिमबरोबर (आतल्या लिनक्सच्या फोल्डरबरोबर) होस्टचे टीएमपी, डेव्ह, प्रॉक, सिस, रन, तुमचं होम आणि ईटीसीतल्या बऱ्याच फाइल्स आपणहून बांधतो. वर तुम्ही स्वतःचं फोल्डर टीएमपीवर बांधलं की टक्कर ठरलेली. यावर उपाय म्हणजे फक्त रूटफाइलसिस्टिम घेणारा स्मॉल आर वापरा आणि लागतील तेवढीच बाइंडिंग स्मॉल बीने हाताने लिहा. चार शब्द जास्त टाइप होतात, पण काय कुठे आहे ते कळतं. कॅपिटल आर होस्टची पासवर्ड फाइलही आत आणतो. तिच्यात लिहिता येत नाही, म्हणून नवा युजर बनवणारं पॅकेज तिथेच अडतं. पॅकेज टाकायला कॅपिटल एस घ्या.

दुसरं कारण सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पाथकडे नेणारा दुवा. रेल्वे स्टेशन म्हणा की छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, रिक्षा जाते एकाच ठिकाणी. तसंच डेबियनमध्ये 'बिन' हे 'यूएसआर/बिन'कडे आणि 'व्हार/रन' हे 'रन'कडे जातं. पीरूट आतली सिमलिंक उलगडून मग बांधतो, म्हणून वेगळे दिसणारे दोन पाथ एकावर एक येतात. उलगडू नये असं वाटत असेल तर आतल्या पाथच्या शेवटी उद्गारचिन्ह द्या. बॅशमध्ये ते सिंगल कोटमध्येच लिहा.

एकात एक बाइंडिंग मात्र चालतं. 'ऑप्ट' एका फोल्डरला आणि 'ऑप्ट/टूल' दुसऱ्याला बांधलं तर काही बिघडत नाही, उगाच काढत बसू नका.

मोबाइलवर टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवरचं टर्मिनल ॲप) पीरूट-डिस्ट्रो (पीरूटने लिनक्स बसवणारं टूल) असेल, तर 'शेअर्ड-टीएमपी' (टर्मक्सचं टीएमपी आत बांधणारा पर्याय) आणि स्वतःचं टीएमपीचं बाइंड एकत्र देऊ नका, दोन्हींपैकी एकच ठेवा. तरीही घोळ मिटला नाही तर 'आयसोलेटेड' (होस्टची बाइंडिंग कमी करणारा पर्याय) देऊन लॉगिन करा आणि एकेक बाइंड वाढवत जा. ज्या बाइंडनंतर वॉर्निंग येईल, तेच दोषी.