बुक ऑफ कॉनकॉर्ड : वर्षभर वापरून (आणि एकदा नव्याने बांधून घेऊन)

पहिलं सेमिस्टर संपायच्या आत पाठ सुटली. माझी नव्हे, पुस्तकाची, म्हणजे ल्यूथरन मंडळ्यांच्या अधिकृत विश्वास-कबुल्यांच्या या संग्रहाची. त्यातल्या ‘अपॉलॉजी’ या दस्तऐवजाच्या चौथ्या आर्टिकलपाशी, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो ते सांगणाऱ्या भागापाशी, अख्खा फर्माच (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) हातात आला. ल्यूथरन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, पुस्तक सगळ्यात जास्त वेळ उघडं राहतं ते नेमकं तिथेच, म्हणजे चांगली शिवण कुठे हवी हे कुणालाही कळावं. विक्रेत्याने आधी फोटो मागितले, मग वेगळ्या कोनातून फोटो मागितले आणि शेवटी ‘जुन्या पुस्तकांना परतावा नाही’ असं एका ओळीत कळवलं. ते माहीत असूनही भांडले. मेल फुकट असतो.

आत काय आहे ते इथे वाचणाऱ्यांना ठाऊकच असेल: तीन जुने विश्वासांगीकार, 1530 ची ऑग्सबर्ग कबुली, तिचं समर्थन करणारी अपॉलॉजी, श्मालकाल्ड आर्टिकल्स, पोपच्या अधिकारावरचा निबंध, ल्यूथरच्या दोन कॅटेकिझम (विश्वासाची शिकवण देणाऱ्या पुस्तिका, एक लहान, एक मोठी) आणि ल्यूथरनांमधले आपसातले वाद मिटवणारा 1577 चा फॉर्म्युला. ऑग्सबर्ग कबुलीला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, 25 जून 1580 ला, ड्रेस्डेनमध्ये हे सगळं एकत्र प्रसिद्ध झालं. पाळकपदाच्या तयारीला बसणाऱ्याला हे टाळता येत नाही, कारण दीक्षेच्या वेळी याच कबुल्यांना बांधून घ्यायचं असतं. गंमत म्हणजे यातले तीन दस्तऐवज, अपॉलॉजीसकट, ल्यूथरचा सहकारी मेलँख्थॉन याने लिहिलेत आणि त्याची स्वतःची पाळक म्हणून दीक्षा कधी झालीच नव्हती. आमच्या वर्गात हे कळल्यावर मागच्या बाकावर बरीच उमेद वाढली.

आता खरा मुद्दा. समासातले आकडे.

या पुस्तकात पान नंबराला काडीची किंमत नाही. 1959 चं टॅपर्टचं इंग्रजी भाषांतर घ्या, 2000 चं कोल्ब-वेंगर्टचं घ्या, पानं जुळत नाहीत. म्हणून सगळे दस्तऐवज, आर्टिकल आणि परिच्छेद अशा क्रमाने संदर्भ देतात. प्राध्यापक म्हणतात, ‘अपॉलॉजी, चार, अठ्ठेचाळीस’, आणि तुम्ही दहा सेकंदांत तिथे असायला हवं. तिथे लिहिलंय की नीतिमान ठरवणारा विश्वास म्हणजे घडलेल्या गोष्टीची नुसती माहिती नव्हे, तर देवाच्या वचनाला दिलेला होकार. वाक्य साधं आहे, पण अख्खं सेमिस्टर त्याच्याभोवती फिरतं. माझ्या प्रतीत मात्र ते आकडे मुंगीएवढे, फिकट आणि आतल्या समासात, शिवणीला चिकटून. प्रकाशकाचं नाव घेत नाही. पण ज्याने हा निर्णय घेतला त्याने हे पुस्तक वर्गात बसून कधी वापरलेलं नाही, एवढं मी लिहून देते.

त्यात बाइंडरने भर घातली. त्याने पाठीला कापड लावलं, बाजूने दाभण घालून दोऱ्याने शिवलं आणि पुस्तक असं घट्ट केलं की आता छतावरून टाकलं तरी सुटणार नाही. फक्त त्या शिवणीने आतल्या समासातले आकडे गिळले. आता मी बाहेरच्या समासात शिसपेन्सिलने आकडे उतरवत बसते. फुकटात मिळणारी 1921 ची त्रिभाषी आवृत्ती फोनवर उघडायची आणि एकेक परिच्छेद जुळवायचा. वर्गात फोन चालत नाही, त्यामुळे हे घरीच करावं लागतं. अपॉलॉजीचं चौथं आर्टिकल तर जवळजवळ चारशे परिच्छेदांचं. तेच आर्टिकल ऑग्सबर्ग कबुलीत जेमतेम तीन परिच्छेदांत आटपलंय. मेलँख्थॉनला विरोधकांनी उत्तर द्यायला लावलं, त्याचा भुर्दंड माझ्या पेन्सिलीला.

आणखी एक पेच, जो विकत घेताना कुणी सांगत नाही. अपॉलॉजी 1531 मध्ये दोनदा छापली गेली, वसंतात मोठ्या आकारात आणि सप्टेंबरात लहान आकारात, आणि मधल्या काळात मेलँख्थॉनने मजकूर बदलला. टॅपर्ट पहिल्या छपाईवरून चालतो, कोल्ब-वेंगर्ट दुसरीवरून. त्यामुळे शेजारच्याकडे वेगळं भाषांतर असेल तर काही ठिकाणी आकडाच काय, वाक्यही जुळत नाही. हा दोष पुस्तकाचा नाही, पण घ्यायच्या आधी आपले प्राध्यापक कुठलं भाषांतर वापरतात ते विचारा. वरच्या वर्गातल्या कुणाकडून त्याचीच जुनी प्रत मिळाली तर नव्याच्या नादाला लागू नका. आधीच्या मालकाच्या खुणा असतील तर उत्तमच, आकडे शोधायचे कष्ट वाचतात.

सुरुवातीला फॉर्म्युलावरही माझा राग होता. तीच बारा आर्टिकलं दोनदा: एकदा आटोपशीर एपिटोममध्ये, एकदा लांबलचक सॉलिड डिक्लरेशनमध्ये. एकाच मजकुराचं वजन मी दोनदा दप्तरात का वाहायचं? हे मत आता बदललंय. एपिटोममध्ये बहुतेक आर्टिकलांना आधी वाद काय होता ते येतं, मग आम्ही काय मानतो, मग काय नाकारतो. उपदेश लिहून झाला की पाचवं आर्टिकल, नियमशास्त्र (देव काय मागतो) आणि सुवार्तेचं (देव काय देतो), समोर ठेवून मी माझा मसुदा तपासते. शेवटच्या परिच्छेदात ‘आता तुम्ही असं करा, तसं करा’ची यादी आली की ती तिथेच पकडली जाते. दर वेळी येतेच. सॉलिड डिक्लरेशन मी क्वचित उघडते, पण वर्गात कुणी ‘हे कशावरून?’ म्हटलं की तेच लागतं.

लहान कॅटेकिझमकडे मात्र मी सेमिनरीत येताना वळूनही पाहिलं नव्हतं. लहानपणी पाठ झालेली, ‘याचा अर्थ काय?’ विचारत जाणारी. ल्यूथरने 1529 मध्ये ती लिहिली, कारण सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांना साधी प्रभूची प्रार्थना येत नाही आणि कित्येक पाळकांना शिकवता येत नाही, हे त्याने पाहिलं. इस्पितळातल्या प्रशिक्षणात एका आजीबाईंनी मला सांगितलं, ‘बाई, आता माझ्याच्याने विश्वास धरवत नाही.’ अपॉलॉजीचे चारशे परिच्छेद डोक्यात होते, त्यातला एकही तोंडात आला नाही. आला तो विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या भागाचा अर्थ: मी माझ्या बुद्धीने किंवा ताकदीने विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्याने मला बोलावलं. आजी म्हणाल्या, ‘हे पुन्हा सांग.’ मी सांगितलं. मोठ्या कॅटेकिझमच्या प्रस्तावनेत ल्यूथर लिहितो की आपण डॉक्टर आणि उपदेशक असूनही रोज सकाळी लहान मुलासारखी ती म्हणतो. मला ते आधी नाटकी वाटायचं.

कागद पातळ आहे, मागची छपाई दिसते, हायलायटर लावू नका. खुणेची फीत दुसऱ्याच महिन्यात उसवली. विषयसूची कामचलाऊ, ‘प्रभुभोजन’ शोधायला गेलात तर अर्धे संदर्भ सापडतील.

पाचपैकी चार तारे. पाचवा आकड्यांमुळे कापलाय. पुढच्या वर्षी मंडळीत इंटर्नशिपला जाताना हीच प्रत नेणार, नवी घ्यायची नाही. पेन्सिल सध्या अपॉलॉजीच्या बाराव्या आर्टिकलपर्यंत पोचलीय आणि फॉर्म्युला अख्खा बाकी आहे.